लव्हबर्डचे भाऊबंद येऊरच्या रानात

शुक्रवार

रात्रीच्या महालक्ष्मीनं कोल्हापूर सोडलं की ठाण्याला उजाडता उजाडता उतरता येतं. रिक्षानं वर्तकनगरला पोचले तेव्हा वहिनीचे पोहे तयार होते आणि दादा गॅलरीत अडकलेला होता. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. "यायचं तर फेब्रुवारीच्या शेवटीच ये," असं त्यानं फोनवर दोनदा बजावलं होतं. येऊरला काटेसावर फुललेली असते, आणि त्याच्या गॅलरीतल्या पाखरांची घरटी भरायची लगबगही नेमकी त्याच सुमारास चालू असते.

गॅलरी म्हणजे आता गॅलरी उरलेलीच नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत जाळी, डावीकडे पीचफेस, उजवीकडे फिशर, आणि मध्ये दुहेरी जाळी. दोन्ही लव्हबर्डच्या, म्हणजे छोट्या आफ्रिकी पोपटांच्या, जाती. दुहेरी कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "एकेरी होती तेव्हा जाळीला लटकणाऱ्याची बोटं पलीकडून चावली जायची." गोड दिसण्यावर जाऊ नये. घरट्यावर आलेली मादी शेजारणीला फाडून खायला कमी करत नाही.

सकाळभर मी तिथंच स्टूल टाकून बसले. दादानं शहाळ्याच्या झावळीची ओली पात आत टाकली होती. एक पीचफेस मादी पातीच्या कडेवर बसली आणि चोचीनं कड टोचत पुढं सरकायला लागली. शिवणयंत्राची टीप पडावी तशी भोकांची सरळ ओळ पडत गेली, आणि टोकाला पोचल्यावर एक हिसका देऊन तिनं आठ-दहा सेंटिमीटरची नीट पट्टी सोडवली. मग मान मागं वळवली, कमरेवरची निळी पिसं फुलवली, पट्टीचं एक टोक त्यांत खोचलं आणि पिसं मिटून घेतली. लगेच दुसरी पट्टी. तिसरी खोचताना पहिली खाली पडली, तिकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. पाठीवर हिरव्या झिरमिळ्या घेऊन ती खोक्यात शिरली. नर बाहेर भोकाशी बसून राहिला. ह्या जातीत घरटं भरायचं काम एकट्या मादीचं. नरानं तिला भरवायचं, तेही गिळलेलं दाणापाणी परत तोंडात आणून.

पलीकडच्या फिशर मादीची तऱ्हा वेगळी. ती एकेक काडी चोचीत धरून नेत होती. हळू काम, पण वाटेत सांडासांड नाही.

ह्या फरकावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम डिल्गर यांनी काम केलं होतं आणि ते 1962 साली प्रसिद्धही झालं. त्यांनी पीचफेस आणि फिशर यांचा संकर केला आणि त्या पिल्लांना घरट्यासाठी कागद दिला. मोठी झालेली पाखरं पट्टी कापायची, मान वळवून पिसांत खोचायला जायची, पण खोचणं काही जमायचं नाही. कधी पट्टी चोचीतून सुटायचीच नाही, कधी मधोमध धरल्यामुळं खोचताच यायची नाही. शेवटी चोचीतून न्यायला ती शिकली, पण त्याला काही वर्षं लागली. आणि शिकल्यावरही उचललेल्या पट्टीसकट मान मागं वळवण्याची लकब पुरती गेली नाही. आईचा एक वारसा, बापाचा दुसरा, आणि मध्ये हे पाखरू मान वळवत बसलेलं. मला ह्या प्रयोगाचं कौतुक आहे आणि त्या पाखरांची दयाही येते.

दुपारी जेवणं उरकून भाचीनं मोबाइलवर आफ्रिकेचा नकाशा उघडला. लव्हबर्डच्या एकूण नऊ जाती. आठ आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर, एक मादागास्करमध्ये, त्यातल्या नराचं डोकं राखाडी. पीचफेस नामिबियाचा, दक्षिण अंगोलाचा आणि दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्याचा, म्हणजे नामिबच्या वाळवंटालगतच्या उघड्याबोडक्या डोंगरांचा. फिशर उत्तर टांझानियाचा, व्हिक्टोरिया सरोवराच्या खालच्या माळावरचा. भाचीला वाटत होतं लव्हबर्ड म्हणजे गच्च जंगल, धबधबा, वेली. नऊपैकी तसलं जंगल खरोखर लागतं ते एकाच जातीला, मानेच्या मागं काळी पट्टी असलेल्या काँगोच्या खोऱ्यातल्या लव्हबर्डला. त्याला तिथल्या जंगली उंबरांची फळं अशी अंगवळणी पडलेली आहेत की ती नसतील तर पिंजऱ्यात तो तगत नाही. म्हणून तो कुठल्याच दुकानात दिसत नाही. इतर बहुतेकांचं आयुष्य बाभळी, गवताचं बी आणि पाणी शोधण्यात जातं.

पाणी हा ह्यातला कळीचा भाग. कोरड्या दाण्यावर जगणाऱ्या पाखराला रोज प्यावंच लागतं. म्हणून पीचफेसचे थवे पाणवठ्यापासून फार लांब जात नाहीत. एरवी पाच-दहा-वीसच्या टोळीनं हिंडणारी ही पाखरं उन्हाळ्यात एखाद्या डबक्यावर शेकड्यांनी उतरतात. नैऋत्य झांबियातल्या काळ्या गालाच्या लव्हबर्डची तर सगळी भिस्त मोपाने झाडांच्या रानातल्या थोड्या पाणवठ्यांवर आहे. ते आटायला लागल्यापासून ती जात संकटात आहे.

संध्याकाळी उपवन तलावावर एक चक्कर मारली. गर्दी होती. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

शनिवार

साडेपाचला दादानं उठवलं. येऊरचा रस्ता उपवनच्या वरून चढतो. पायथ्याला वनखात्याचा नाका, पुढं वळणं. डोंगरावर बंगले, ढाबे, टर्फ हे सगळं आहेच. रात्रीच्या दिव्यांनी आणि गाण्यांनी रानाची झोप उडवायचं काम चोख चालतं. पण सकाळी सहा-सव्वासहाला हे सगळं झोपलेलं असतं आणि तेवढ्या वेळात येऊर पुन्हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असतं. बिबट्याचं रान आहे, त्यामुळं अंधारात आडवाटेला जायचं नाही, हा दादाचा पहिला नियम. आवाज वाजवून पाखरं बोलवायची नाहीत, हा दुसरा.

पाटोणापाड्याच्या अलीकडं एका मोठ्या काटेसावरीखाली थांबलो. झाडाला पान नाही, सगळी लाल फुलं. फुलाच्या पेल्यात मध साठलेला आणि त्यावर कोतवाल, बुलबुल, साळुंक्या, शिंजीर यांची झुंबड. टोई पोपट आधी आवाजानं कळले. मग एक नर उघड्या फांदीवर आला: जांभळट-लाल डोकं, पिवळी चोच, शेपटीच्या टोकाला पांढरं. तो फूल तोडायचा, देठाकडून चिरडायचा, मध चोखायचा आणि टाकून द्यायचा. झाडाखाली फुलांचा सडा पडतो त्यातला बराच पोपटांनी पाडलेला असतो.

"ते सोड, वर बघ. बारकं बघ," दादा म्हणाला.

वरच्या शेंड्याला एक फूल उगाच हलत होतं. दुर्बिणीत धरलं तर फुलाच्या खाली एक हिरवं पाखरू उलटं लटकलेलं. चिमणीएवढं. शेपूट असून नसल्यासारखी. लाल चोच, कमरेवर लालभडक पट्टा, आणि गळ्याला पुसटसा निळा ठिपका, म्हणजे नर. डोकं खाली, पाय वर, आणि चोच फुलाच्या पेल्यात. तो सरळ झालाच नाही. एका फुलावरून दुसऱ्यावर जाताना चोच आणि पाय आळीपाळीनं वापरत उलट्याचा उलटाच सरकत गेला. मग "ची-ची-ची" असं बारीक, धारदार ओरडत उडाला आणि डोळ्यांना काही कळायच्या आत झाडांपलीकडं गेला.

हा वर्नल हँगिंग पॅरट. पक्षिमित्र नुसतं हँगिंग पॅरट म्हणतात, भाचीनं त्याचं नाव 'लटक्या' ठेवलंय. लांबी जेमतेम 14 सेंटिमीटर. पोपटांच्या कुळात लव्हबर्डच्या सगळ्यात जवळचे सोयरे कोण, तर हे लटके पोपट आणि फिलिपिन्समधला ग्वायाबेरो नावाचा एक छोटा पोपट. म्हणजे दादाच्या गॅलरीतल्या नामिबियाच्या पाखराचं खरं गणगोत टोई पोपटात नाही, तारेवर ओळीनं बसणाऱ्या आपल्या नेहमीच्या पोपटातही नाही. ते ह्या शेपूटतोड्या लटक्यात आहे. मध्ये अख्खा अरबी समुद्र, तरी नातं हे.

नात्याची खूण दिसते ती घरट्याच्या वेळी. लटक्याची मादीही पानांच्या कडा चोचीनं कापून पट्ट्या काढते आणि त्या पिसांत खोचूनच झाडाच्या ढोलीत नेते. शुक्रवारी गॅलरीत पाहिलेली लकब, जशीच्या तशी. मला ती येऊरला बघायला मिळाली नाही, आणि आम्ही ढोली शोधतही फिरलो नाही. विणीच्या दिवसांत झाडाखाली चार माणसं मान वर करून उभी राहिली तर त्या मादीनं आत जायचं कसं? दादा म्हणतो, फोटोसाठी ढोलीसमोर तळ ठोकणाऱ्यांना नाक्यावरूनच परत पाठवलं पाहिजे. मला तो जरा कडक वाटतो, पण म्हणणं चुकीचं नाही.

लटक्या झोपतोही उलटा, फांदीला पायांनी धरून, वटवाघळासारखा. त्यामानानं लव्हबर्ड साधे. काही जाती ढोलीत झोपतात, काही आयत्या घरट्यांत.

पाड्याजवळ एक म्हातारे बाबा काटक्यांची मोळी बांधत होते. आम्ही काय बघतोय ते दादानं सांगितल्यावर हसले. त्यांच्या लहानपणी ताडीच्या मडक्यात ही पाखरं सापडायची, म्हणाले. "पिऊन पडायची. हातात घेतली तरी उडायची नाहीत. उन्हात ठेवली की शुद्धीवर." बाबांची गोष्ट कुणी थाप म्हणून उडवून लावील, पण लटके पोपट ताडी पितात आणि मडक्यापाशी झिंगून पडलेले सापडतात, हे जुन्या पक्षी-अभ्यासकांनीही नोंदवलेलं आहे. मधाच्या पाखराला आंबलेला गोड रस कळतो, चढतो ते त्याला ठाऊक नसतं.

परतताना एका झाडाच्या बुंध्याशी मुंग्यांचं काळपट, पापुद्र्यांचं गोलसर घरटं दिसलं. आपल्याकडचा तांबूस सुतार ह्या जिवंत घरट्यात, मुंग्या असतानाच, भोक पाडून अंडी घालतो. मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतल्या लाल डोक्याच्या लव्हबर्डचीही पद्धत अशीच: मादी झाडावरच्या मुंग्यांच्या नाहीतर वाळवीच्या घरट्यात बोगदा खणते आणि आत पोरं वाढवते. दादाला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं लव्हबर्ड पाळलेत, पण त्याचं सगळं लक्ष पीचफेस, फिशर आणि त्यांच्या रंगांवर. रंगांचं हे वेड मला फारसं पटत नाही. रानातला पीचफेस हिरवा असतो, चेहरा गुलाबी-नारिंगी, कंबर निळी. त्यावर आणखी काय सुधारणा करायची आहे? पाळलेल्यांतल्या लुटिनो नावाच्या पिवळ्याधमक रंगाच्या पाखराला नामिबियात ससाणा पहिल्याच दिवशी उचलेल.

रविवार

सकाळी मानपाड्याच्या बाजूनं रानात शिरलो. येऊरपेक्षा इकडं माणसं कमी भेटली. उंबराच्या झाडावर तांबट होते, धनेशाची एक जोडी होती, आणि एका वाळक्या सावरीच्या ढोलीवरून साळुंक्या आणि पोपटांचं भांडण जुंपलेलं. अर्धा तास आम्ही तेच बघत बसलो. पोपटाची मादी ढोलीच्या तोंडाशी अर्धी आत, अर्धी बाहेर. दोन साळुंक्या आळीपाळीनं तिच्यावर झेप घेत होत्या आणि ती प्रत्येक वेळी चोच वासून पुढं यायची. पोपटाला ढोली स्वतः कोरता येत नाही म्हटलं तरी चालेल. फार तर आयती ढोली तो रुंद करतो. सुतार आणि तांबट कोरणार, मग त्यात पोपट, साळुंकी, पिंगळा यांची वारसहक्कासाठी मारामारी. वाळकी झाडं 'धोकादायक' म्हणून सरसकट तोडली की ही सगळी मंडळी एकदम बेघर होतात.

लव्हबर्डचा संसारही असाच आयत्या जागेवरचा. पीचफेस खडकांच्या भेगांत घरटं करतो, आणि जिथं मिळेल तिथं सोशेबल वीव्हर ह्या सुगरणीच्या आफ्रिकी नातेवाइकाचं घर बळकावतो. वीव्हरचं घरटं म्हणजे बाभळीवर रचलेली गवताची प्रचंड गंजी, खालून तोंडं असलेल्या कितीतरी खोल्यांची, पिढ्यान् पिढ्या वापरात असलेली. दिवसा ऊन, रात्री वाळवंटाची थंडी, आणि आत हवा बेताची. अशा खोलीत पीचफेस मादी बाहेरून काही आणतही नाही, आयत्या गवतावरच अंडी घालते. भेगेत घर करायचं असेल तेव्हाच पट्ट्यांची ती सगळी मेहनत. अंडी चार ते सहा, उबवायला साधारण 23 दिवस. एवढा काळ मादी आत आणि नर दाणे गोळा करून तिला भरवतोय. एकमेकांची डोकी खाजवणं, खेटून बसणं, ज्यावरून त्यांचं नाव पडलं, ते ह्या धकाधकीच्या मधल्या वेळातलं. त्यात प्रेम कमी आणि संसार जास्त आहे, असं माझं मत झालंय. वहिनी म्हणाली, "मग वेगळं काय असतं?"

घरी जाताना वाटेत पाखरांच्या एका दुकानात डोकावलो, कारण भाचीच्या मैत्रिणीला लव्हबर्डची जोडी हवी होती. दुकानदारानं आधी दाखवले ते बजरीगर, म्हणजे ऑस्ट्रेलियाचे. अर्ध्या महाराष्ट्रात लव्हबर्ड म्हणून तेच विकले जातात. खरे लव्हबर्ड आतल्या बाजूला होते, एका छोट्या पिंजऱ्यात गच्च भरलेले, आणि पाण्याच्या भांड्यात टरफलं तरंगत होती. ज्या पाखराचं सगळं रानातलं जिणं पाण्याभोवती फिरतं त्याला असलं पाणी. दादा तिथं काही बोलला नाही, बाहेर येऊन मात्र पुष्कळ बोलला.

आणि मग मागच्या बाजूनं, फडकं टाकलेल्या टोपलीतून, ओळखीचा आवाज आला. पोपटाची पिल्लं, अजून पिसं न फुटलेली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचे पोपट पकडणं, विकणं, पाळणं, सगळ्याला बंदी आहे. तरी दर उन्हाळ्यात ढोल्या फोडून पिल्लं काढली जातातच. सकाळी ज्या मादीला आम्ही साळुंक्यांशी झुंजताना पाहिलं होतं, तिच्यासारख्याच एखादीची ही पोरं. दादानं दुकानाबाहेरूनच वनखात्याला फोन लावला. पुढं काय झालं ते त्याला नंतर कळेल तेव्हा कळेल.

आफ्रिकेतही कथा निराळी नाही. 1980 च्या दशकात टांझानियातून फिशर लव्हबर्ड इतक्या प्रचंड संख्येनं पकडून परदेशी पाठवले गेले की रानातली त्यांची संख्या कोसळली आणि निर्यात थांबवावी लागली. आज बाजारात येणारे बहुतेक लव्हबर्ड पिंजऱ्यातच जन्मलेले असतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. जगभरच्या वन्यजीव-व्यापाराचं नियमन करणाऱ्या सायटिस कराराच्या यादीत जवळपास सगळे पोपट आहेत. जे थोडे वगळले आहेत त्यांत बजरीगर, कोकॅटिल आणि पीचफेस लव्हबर्ड येतात, कारण त्यांची पैदास ठिकठिकाणी उदंड होते.

पिंजऱ्यातून सुटलेल्यांचंही एक बरं चाललंय. अमेरिकेत अॅरिझोनातल्या फीनिक्स शहरात पीचफेसचे रानटी थवे झालेत. मूळच्या वाळवंटी पाखराला ते वाळवंटी शहर मानवलं. कडक उन्हाळ्यात ही पाखरं तिथल्या विद्यापीठाच्या इमारतीच्या झरोक्यांतून येणाऱ्या एसीच्या गार हवेत जाऊन बसतात, हे अभ्यासकांनी मोजून दाखवलंय. वहिनीला ही बातमी सगळ्यात जास्त आवडली. तिच्या गॅलरीतल्या पाखरांनी अजून हॉलमधल्या एसीवर हक्क सांगितलेला नाही, एवढंच.

सोमवार

दादाला ऑफिस, भाचीला शाळा. दुपारी वहिनी आणि मी कोपिनेश्वराचं दर्शन घेऊन तलावपाळीला बसलो, वडापाव खाल्ला. तिथल्या मासुंदा तलावाच्या काठच्या झाडांतून पोपट चार वाजल्यापासूनच ओरडायला लागले.

संध्याकाळी वर्तकनगरच्या गच्चीवर गेलो. साडेसहाच्या सुमाराला येऊरच्या बाजूनं पोपटांच्या ओळी यायला लागल्या. पाच, आठ, मग पंधरा-वीस. सरळ रेषेत, वेगात, सतत बोलत. मध्येच दोन मोठे, जाड चोचीचे, खांद्यावर लाल डाग असलेले पहाडी पोपट त्यांच्या जाडसर आवाजात ओरडत गेले. त्यांत लटक्या नव्हता. तो असल्या जत्रेत सहसा येत नाही, रानातच कुठंतरी फांदी पकडतो.

भाचीनं विचारलं, "आत्या, लव्हबर्ड इकडं सोडले तर ते लटक्याला ओळखतील का?"

मी म्हटलं, ओळख राहू दे, ढोलीसाठी भांडतील नक्की. केनियात नैवाशा सरोवराकाठी माणसांनी सोडलेले फिशर आणि काळ्या तोंडाचे लव्हबर्ड एकमेकांत मिसळून आता संकरित झालेत. तिथं ना हा उरला, ना तो. येऊरमध्ये आधीच ढोल्यांची ओढाताण आहे, त्यात आणखी पाहुणे नकोत. दादानं जाळीचं कुलूप पुन्हा एकदा तपासलं.

नऊच्या सुमाराची परतीची गाडी. कुणाला लटक्या बघायला यायचं असेल तर काटेसावर आणि पांगारा फुललेला असताना, साधारण फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत यावं. सात वाजायच्या आत येऊरच्या नाक्यावर असावं, कारण आठनंतर गाड्या सुरू होतात. झाडाच्या पार शेंड्याला बघावं, बुंध्याकडं नाही, आणि मान दुखेल ह्याची तयारी ठेवावी. वडापाव उतरल्यावर उपवनला मिळतो.